दहाचा खेळ

मी दिसलो की तो आधी विचारतो, “मास्तर, किती वाजले?” मनगटावर स्वतःचं घड्याळ असताना!

तो परभणीच्या टॉकीजमधला ऑपरेटर. कलेक्टर उशिरा आले तरी सिनेमा पुन्हा दाखवणार नाही, असा खाक्या.

बालचित्रपट महोत्सवाला मी पोखर्णीची चाळीस पोरं एसटीनं आणली, ती बाराला. खेळ दहाचा होता. महोत्सवाचं पत्र मीच चुकीचं वाचलं होतं. पोरं कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

त्यानं नुकतीच सोडलेली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि रिळं उलटी गुंडाळायला घेतली.

“बसवा पोरं. अन् मास्तर, तुमी लांब बसा. पोरायला गोष्ट समजावून सांगू नका.”

अजूनही तो वेळ विचारतो. मी सांगत नाही. “जेवलात का?” एवढंच विचारतो.