गिरिजाचा सतरा इंची टीवी

गिरिजाचा राग विटांच्या भट्टीसारखा होता. वरून बघाल तर काही नाही, आत महिनाभर धग.

मिल बंद पडली त्या वर्षी मिलच्या मागच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या तोंडाला कुलूप लागलं. तिचा नवरा आनंदराव त्यातलाच एक. उभा जन्म मागावर कापड विणलेला माणूस आता सकाळी भोंगा वाजला नाही म्हणून दचकून जागा व्हायचा. घर चालायचं गिरिजाच्या शिलाई मशीनवर. राजवाड्याच्या ठोक बाजारातून परकरांचं कापलेलं कापड आणायचं, शिवून परत द्यायचं.

मिल चालू होती तेव्हापासून गल्लीत टीवी एकच. समोरच्या वसुधाताईंकडे, रंगीत. नवरा शरच्चंद्र सरकारी कचेरीत बाबू, त्यामुळे पगार बंद पडायची भीती नाही. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागली की सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत जमायची. कोणी कुठं बसायचं ते वसुधाताई ठरवायच्या. काही सतरंजीवर, काही फरशीवर, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारे गिरिजाच्या घरचे दाराशी, चपलांजवळ. का, ते कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

"टीवी तर तिथूनही दिसतो न," आनंदराव म्हणायचा. गिरिजा दात आवळून बसायची.

मग मिल बंद झाली. त्यानंतरच्या एका रविवारी गिरिजाची लहान मुलगी धम्मदीना उंबऱ्यात पाऊल टाकायला गेली, तर वसुधाताईंनी हात आडवा धरला.

"आता काय, तुमच्याकडे रोजचीच छुट्टी! मग रोजच येऊन बसाल तुम्ही लोक. जा, खिडकीतून बघ. उघडी आहे."

आतली माणसं हसली. पोरगी खरंच खिडकीचे गज धरून उभी राहिली. गिरिजानं तिला ओढत घरी आणलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "आपल्याकडे टीवी येणार. तिच्याहून मोठा. आणि ती बाई एक दिवस माझ्या दारात उभी राहील, मी तिला 'आत या' म्हणणार नाही."

"गिरिजा, जळू नये माणसानं."

"जळून कोण राहिलंय? बदला घेऊन राहिली आहे मी."

तिनं परकरांचं काम दुप्पट केलं. तेवढ्यात वसुधाताईंनीच निरोप पाठवला, टीवीवर घालायला झालरीचं कव्हर शिवून हवंय. तोंडावर गोड हसत गिरिजानं ते काम घेतलं आणि माप घ्यायला आनंदरावला पाठवलं. "खोक्याचं माप घ्या. काचेचं पण घ्या, गुपचूप."

आनंदराव विणकर. विणकर कापड मोजतो ते पन्ह्यात, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, आडवं. त्यानं काचही तशीच मोजली. "सोळा इंच," तो विजयी मुद्रेनं परतला. "आपण सतराचा आणू."

राजवाड्याजवळच्या दुकानात तेव्हा नव्या नव्या कंपन्यांचे रंगीत टीवी थप्प्या लावून ठेवलेले. किमती ऐकून आनंदरावनं घाम पुसला. दुकानदार हुशार. "भिया, रंगीत का चक्कर छोड़ो. ब्लैक एंड वाइट लो, चौदह इंची, एकदम फिट बजट में."

"चौदह नहीं," गिरिजा म्हणाली. "सत्रह."

पैसे कमी पडत होते. दुकानदार म्हणाला, पुराना कुछ हो तो एक्सचेंज में दे दो. आनंदरावनं घरी जाऊन आपला रेडिओ आणला, ज्यावर तो क्रिकेट ऐकायचा. काउंटरवर ठेवताना त्यानं तो शर्टाच्या बाहीनं पुसला. गिरिजानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

खोकं बंदच होतं. "एकदा उघडून मोजा ना," ती म्हणाली.

"अगं, वर सतरा छापलंय. कापडाच्या थानावर शिक्का असला की ते पुन्हा मोजत नसतात."

घरी खोकं उघडलं. टीवी लहान दिसला. बघायला आलेले शरच्चंद्र तर पोट धरून हसायला लागले. "अहो आनंदराव, टीवीची काच आडवी नाही, तिरपी मोजतात! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आमचा वीसचा आहे, वीसचा!"

समोर आपल्या दारातूनच वसुधाताई म्हणाल्या, "असू दे हो. गरिबाला काळा-पांढराच बरा. रंग झेपत नाहीत."

आनंदराव टीवी परत करायला निघाला. गिरिजानं खोकं पायानं बाजूला सारलं. "राहू द्या. काच नाही तर नाही, दुसरं काही सापडेल."

त्या आठवड्यात ती वसुधाताईंचं घर बारकाईनं बघत राहिली. तिथं सासूबाई होत्या, सुमनबाई. कान जड झालेल्या म्हाताऱ्या. आवाज वाढवा म्हणाल्या की सून म्हणायची, "डोकं दुखतं माझं." म्हातारी नुसत्या हलत्या ओठांकडे बघत बसायची. मालिकेतला देव काय बोलतो ते तिला कळायचंच नाही.

शनिवारी नळावर गिरिजानं तिच्या कानाला तोंड लावलं. "आजी, उद्या आमच्याकडे या. पाहिजे तेवढा आवाज."

"तुमच्याकडे देव बघता का गं तुम्ही?"

"आम्ही नाही मानत. पण तुम्ही बघा, टीवी काय विचारतो थोडाच?"

रविवारी सकाळी सुमनबाई काठी टेकत आल्या. घरात एकच खुर्ची होती, गिरिजानं ती टीवीसमोर ठेवली. आवाज एवढा वाढवला की गल्लीत शंख फुंकल्यासारखं झालं. म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू आला. तिनं दोन्ही हात जोडले, डोळ्यांतून पाणी.

मग गिरिजानं पोह्यांची प्लेट आणली. ज्या घरचं पाणीही सुमनबाईंच्या घरात कधी कोणी प्यायलं नव्हतं, त्या घरचे पोहे. म्हातारीनं क्षणभर प्लेटकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि पहिला घास घेतला.

शंखाच्या आवाजानं समोरचं दार उघडलं. वसुधाताई गल्ली ओलांडून आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. आत सासू, तिच्या हातात प्लेट. त्यांच्यामागे त्यांच्याच बैठकीतून उठून आलेली चार माणसं.

"आई! उठा. घरी चला."

"काय?" सुमनबाई ओरडल्या.

"घरी चला म्हणते! लोक काय म्हणतील!"

"थांब गं जरा, देव बोलून राहिलेत!"

मागचं कोणीतरी फिसकन हसलं. वसुधाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पहिल्यांदाच गिरिजाकडे नीट पाहिलं. आवाज मऊ झाला. "गिरिजा, त्यांना सांग ना जरा. तुझं ऐकतील त्या."

त्या मऊ आवाजानं गिरिजा थोडी हलली, नाही असं नाही. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली धम्मदीना खुर्चीच्या पायाशी सरकली, म्हातारीला खेटून.

गिरिजा उठली, तिनं जिरावणाचा डबा उघडला आणि सुमनबाईंच्या पोह्यांवर तो चटपटीत मसाला चिमूटभर भुरभुरवला.

"आजी, अजून घ्या. खूप आहेत."

म्हातारीनं प्लेट पुढं केली. वसुधाताई दारातच उभ्या राहिल्या, मालिका संपेपर्यंत.