उघड्या नळाखालचं पातेलं

सकाळी गाडीच्या काचेवर पहिल्यांदा बर्फाचा पापुद्रा दिसला, की मला मँचेस्टरच्या आमच्या जुन्या घरापुढची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत स्वयंपाकाची-झोपायची सोय असलेली फिरायची गाडी, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई आठवतात. हिवाळ्यासाठी व्हॅन बंद करायची होती. नवऱ्याने टाकीतलं पाणी काढलं आणि आतले दोन्ही नळ उघडे ठेवले, कारण उरलंसुरलं पाणी गोठलं तर बंद नळ फुटतो. तो कव्हर आणायला गेला आणि सासूबाईंनी नळ घट्ट बंद केले. त्याने उघडले, त्यांनी पुन्हा बंद केले. "अहो आई, पाणीच नाहीये त्यात," मी म्हटलं. "आत्ता नाहीये. पाणी गेलं, की आम्ही आधी नळ बंद करतो. कधी येईल सांगता येतं का?" शेवटी नळ उघडेच ठेवून एका नळाखाली माझं चहाचं पातेलं ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी दार लावू दिलं. आम्ही दोघं हसत सुटलो. मार्चमध्ये दार उघडलं, तर पातेल्यात चांगलं दोन चमचे पाणी. व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आलं ना?" आता दरवर्षी पातेलं मीच ठेवते आणि फोटो पाठवते. यंदा त्यांचं लगेच उत्तर आलं, "दुसऱ्या नळाखाली काय ठेवलंस?"