नानांची नमुन्याची कॅसेट

ज्यांचा आवाज ओळखत नाही असा माणूस अख्ख्या धुळ्यात नव्हता, आणि ज्यांच्याशी बसून दोन शब्द बोलतो असाही एक माणूस नव्हता, असे गृहस्थ आमच्या माडीवर भाड्याने राहत. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. रिक्षाला भोंगा बांधून दिवसभर पुकारा करत फिरायचं हा त्यांचा धंदा. साड्यांचा सेल, सर्कशीचा मुक्काम, उद्या नळ येणार नाही, सगळं गावाला नानांच्या तोंडून कळे. भोंगा इतका अंगात मुरलेला की किराणा दुकानातही "खुशखबर! खुशखबर!" म्हणून मगच ते पावशेर शेंगदाणे मागत. पण आईने जिन्यात "जेवनात का, नाना?" असं साधं विचारलं की हा बहाद्दर घसा खाकरायचा, मान हलवायचा आणि निमूट वर जायचा.

नव्वदच्या आसपास मुंबईच्या एका जाहिरात कंपनीने नव्या आवाजांसाठी नमुन्याच्या कॅसेटी मागवल्या. पेपरातलं ते कात्रण नानांनी मला चार वेळा वाचायला लावलं. आयुष्यात एकदा तरी रिक्षातून उतरून आपला आवाज मुंबईला पोचावा, एवढीच त्यांची इच्छा होती. कॅसेट कशी असावी याचं त्यांचं शास्त्र मात्र पक्कं. साहेबापुढे ढीग पडलेला असणार, तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत त्याच्या हातातला कप तिथेच थांबला पाहिजे. चांगला तुकडा आधी, पाल्हाळ नाही, दर तुकड्याला माणूस नवा. आणि मागे कसलाही आवाज नको. त्यासाठी भर मे महिन्यात ते दोन रजया डोक्यावरून घेऊन टेपरेकॉर्डरसकट आत बसत. घामाने निथळत बाहेर येत, ऐकत, लांब कुठेतरी कावळा ओरडलेला सापडे की पुन्हा रजईत. एका कावळ्यापायी त्यांनी सुरेख जमलेली गोडेतेलाची जाहिरात पुसून टाकली. मी म्हटलं, "नाना, कावळा ऐकूसुद्धा येत नाही."

"माले येस ना," नाना म्हणाले.

शेवटचा तुकडा चहापत्तीचा. आजोबा, मुलगा, सून आणि नातू सकाळी चहाला बसलेत, आणि चौघेही नानाच. तालमी आठवडाभर चालल्या. खाली आईला वाटलं, नानांकडे कधी नव्हे ते पाहुणे आले. तिने चौघांना पुरेल इतकं वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी माझ्या हाती वर पाठवल्या. नाना एकटेच, रजईतून नुकतेच निघालेले. दोन दिवस त्यांनी तेच खाल्लं आणि भांडं परत देताना आईला सांगितलं, "पाहुणा बठ्ठा खूश." सगळे पाहुणे, म्हणजे ते एकटेच. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

महिन्याने कॅसेट परत आली, सोबत पत्र. मीच वाचून दाखवलं. चहाच्या तुकड्यातले घरातले पाचही कलाकार उत्तम आहेत, विशेषतः शेवटी पाणी आल्याचं सांगणाऱ्या बाई. पण यांतले अर्जदार कोण? त्यांनी फक्त आपल्या नेहमीच्या आवाजात मिनिटभर बोलून पाठवावं.

"पाचवं कोण हो?" मी विचारलं.

नाना ओशाळले. चहाचा तुकडा संपता संपता आईने अंगणातून हाक मारली होती, ती टेपवर आली होती. एका कावळ्यासाठी अख्खी जाहिरात पुसणाऱ्या माणसाने ती तशीच राहू दिली होती.

"अक्कानी माले हाक मारी," ते म्हणाले. "कशी पुसू?"

मिनिटभराच्या बोलण्यासाठी ते दोन संध्याकाळी रजईत बसले. टेपवर नुसता त्यांचा श्वास. मी म्हटलं, "अहो, रोज बोलता तसं बोला." ते म्हणाले, "भाऊ, त्या आवाजमा मी कोनासंगे बोलस?" कंपनीला त्यांनी पुढे काहीच पाठवलं नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता.

काही वर्षांनी खोली सोडून ते साक्रीकडे गेले. जाताना कॅसेट आईच्या हातात दिली. आता आईही नाही. अधूनमधून मी ती लावतो. आजोबा चहाचं कौतुक करतात, सून हसते, नातू आणखी मागतो. मग अंगणातून आई ओरडते, "नाना, पानी उनं!" आणि टेप बंद व्हायच्या आत, घसा न खाकरता, आलोच अशा घाईने कोणीतरी म्हणतं, "उनू, अक्का, उनू!" कंपनीने मागितलेला आवाज हाच होता. आईचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कशावरच नाही. मी तेवढाच भाग मागे घेऊन पुन्हा ऐकतो.