सुईणआईचा अंगठा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तान्हं बाळ हातात घेतलं की आधी उंबऱ्यात जात. तिथल्या उजेडात बाळाच्या डोळ्यावर तळव्याची सावली धरत, अंगठ्यानं पापणी हलकेच वर करत आणि वाकून बघत. सावलीत डोळ्यातली बाहुली मोठी झाली की "ठीक हाय" म्हणत आणि मगच पुढच्या कामाला लागत. "बाळाला बोलता येत न्हाय, म्हून डोळ्याला इचारायचं," असं त्यांचं म्हणणं. आमचं सगळं तेर गाव त्यांना सुईणआई म्हणायचं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळायची. खुरपायला जाणाऱ्या बाया बाळाला मोहरीएवढी गोळी चाटवून झोळीत निजवत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आत्याबाईंच्या कमरेच्या पिशवीतही अफूची पितळी डबी असायची. मात्र एखाद्या आईनं गोळी जास्त दिली की बाळाची बाहुली सावलीतही बारीकच राही, आणि मग त्या आईची खैर नसे. "लेकरू निजवायचं हाय का गाडायचं, भवाने?" असं त्या भर गल्लीत विचारत.

मी चौथी शिकलेली, पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बायका हसत. आत्याबाई म्हणत, "माझी सून बोलत न्हाय, तुमी ऐकत न्हाय. हिशेब बरोबर."

आमचे हे शिंपीकाम करत. एकदा बैलगाडीवरून पडून त्यांची कंबर धरली. दुखण्यानं ते रडायला लागले, तेव्हा आत्याबाईंनीच डबीतली गोळी दिली. कंबर बरी झाली, पण गोळी सुटली नाही. दुकानातून ती आणणं काही अवघड नव्हतं. हळूहळू हे मशीनवर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागले. सारखं नाक खाजवायचे. चहात साखर कितीही घातली तरी कमीच. एक दिवस शेजारची सखूकाकी चोळी घेऊन आली आणि म्हणाली, "सुईणआई, तुमच्या लेकानं मला दोन डावे हात दिले की!" सगळ्या हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती चोळी उलटीसुलटी करून बराच वेळ बघितली.

मशीनच्या खणात पानात गुंडाळलेला काळा गोळा मला दोन महिन्यांपूर्वीच सापडला होता. मी तो होता तसा ठेवून खण लावून टाकला होता. नवऱ्याचं असलं काही सासूला सांगायचं कसं, हेच मला कळत नव्हतं.

चोळी बघून झाल्यावर आत्याबाईंनी ह्यांना हाक मारली. "हिकडं ये. उंबऱ्यात हुबा ऱ्हा."

"आई, म्या काय तान्हा हाय का?" हे हसत हसत मागं सरकले.

"माझ्यासाठी हाईस. ये."

त्यांनी मनगट धरून ह्यांना उजेडात ओढलं, तळव्याची सावली केली, अंगठ्यानं पापणी उचलली. एक डोळा बघितला, मग दुसरा. "ठीक हाय" हे शब्द काही आले नाहीत. हे मान खाली घालून घरात निघून गेले.

मग त्या चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुला ठावं व्हतं?"

मी मानेनंच हो म्हटलं. आता शिव्या बसणार म्हणून अंग चोरून घेतलं.

"भ्यालीस व्हय? म्याबी चोळी बघून भ्याले. आता दोघी मिळून भिऊ."

दुसऱ्या दिवशी त्या बैलगाडी जुंपायला सांगून ह्यांना धाराशिवला हकीमसाहेबांकडं घेऊन निघाल्या. मीही बरोबर होते. वेशीपाशी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सुईणआईचा ल्योक अफीमची निघाला म्हणं!" आत्याबाईंनी गाडी थांबवायला लावली. "व्हय, निघाला. पयली गोळी म्याच दिली त्याला. आनी काय इचारायचंय?" मग त्यांनी गाडी पुढं हाकायला लावली.

हकीमसाहेबांनी किती दिवस झाले विचारलं. हे म्हणाले, दोन महिने. आत्याबाई म्हणाल्या, "दोन वर्सं." हकीमसाहेबांनी मान डोलावली. "एकदम नक्को छुडाव अम्मा, जानपो आती." एकदम तोडलं तर जिवावर बेतेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अफू काढ्यात विरघळवून बाटली भरून दिली. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा पाजायचा आणि जितका काढला तितकंच पाणी बाटलीत घालायचं. बाटली भरलेलीच दिसणार, पण काढा रोज थोडा फिका होणार.

घरी आल्यावर आत्याबाईंनी बाटली माझ्या हातात दिली. "म्या आई हाय. त्यो रडला की म्या दुसरा चमचा दीन. तू ठेव."

आणि हे खरंच रडले. जांभया, नाकाला धार, पायांत गोळे. माझ्यापुढं हात जोडले. मी "नाही" म्हणाले आणि माझाच आवाज मला परका वाटला. त्या दिवसांत आत्याबाई पाय पसरून बसत, ह्यांचे पाय मांडीवर घेत आणि कोमट करडीचं तेल चोळत राहत, बाळाला चोळत तसंच. मध्ये एकदा हे चुकले, पुन्हा दुकानात जाऊन आले. आत्याबाई आता रोज सकाळी उंबऱ्यात ह्यांचे डोळे बघत, त्यात ते लगेच कळलं. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "गाडी जुपा. बाटली पुन्यांदा भरून आणू."

दुसरी बाटली पार पाण्यासारखी झाली तेव्हा आत्याबाईंनी आपली डबी चुलीत उपडी केली. मग ज्या ज्या घरी त्यांनी स्वतः बाळासाठी गोळी दिली होती तिथं जाऊन सांगून आल्या, की माझं चुकलं, आता देऊ नका. बाया चिडल्या. "मग कामाला कसं जावं?" "माझ्या घरी आणून निजवा," त्या म्हणाल्या. सुगीत आमच्या ओसरीवर पाच-सहा झोळ्या टांगलेल्या असत. मी दिवसभर दोऱ्या ओढायची. बाळांशी बोलताना मला कधी लाज वाटली नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, समोरचं माणूसही दिसत नव्हतं. तरी रोज सकाळी खाट उंबऱ्याजवळ सरकवायला लावत आणि ह्यांना हाक मारत. हे काम सोडून येत, गुडघ्यावर बसत, तोंड पुढं करत. त्या चाचपडत तळवा धरत आणि अंगठ्यानं पापणी उचलत.

एकदा मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, दिसतंय का काही?"

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "पर बघ की, हाक मारली की येतुया. आता मागं सरकत न्हाय. ठीक हाय."

त्या गेल्या त्या सकाळी हे हाकेची वाट न बघताच आले. खाटेपाशी गुडघ्यावर बसून त्यांनी आत्याबाईंचा गार झालेला अंगठा उचलला आणि आपल्या पापणीवर ठेवला.