दगडावर संशय घेणारा माणूस

कर्णिक कुणाच्याही घरी गेले की सोफ्यावर टेकण्याआधी भिंती बघत. यजमानीण "चहा की कॉफी?" विचारत असायची, आणि हे ट्यूबलाइटच्या पट्टीमागची पाल शोधून काढून "जुनी रहिवासी दिसते, तुमच्या डिस्टेंपरचा रंग चढलाय अंगावर," असं कौतुकाने सांगत. त्यामुळे सौदीतल्या दम्मामच्या मराठी घरांत त्यांना जेवायला बोलावण्याची फारशी चढाओढ नसे. बोलावलंच तर मालतीवहिनींसाठी. त्या येताना कोलंबीची खिचडी घेऊन येत आणि खिचडीबरोबर नवराही येई.

आम्ही एकाच कंपनीत होतो. मी खरेदी खात्यात, ते तेलाच्या नळांच्या वेल्डिंगचे तपासनीस. आठवडाभर बॅटरी घेऊन वेल्डिंगमधली केसाएवढी भेग शोधायची, आणि शुक्रवारच्या सुट्टीत समुद्राच्या तळाशी जाऊन केसाएवढा प्राणी शोधायचा, असा त्यांचा आराम. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, असा त्या छंदातला नियम आहे. त्यांचा ब्रिटिश जोडीदार नोकरी सोडून मायदेशी गेला, तेव्हा त्यांनी कँटीनमध्ये मला गाठलं.

"जोशीबुवा, पोहता येतं का तुला?"

"येतं. विहिरीत शिकलोय."

"मग झालं. ही जरा मोठी विहीर."

मी सातारा जिल्ह्यातला. समुद्र पाहिला तोच मुळी नोकरीच्या मुलाखतीला मुंबईत आलो तेव्हा. पण साहेब माणसाला नाही कसं म्हणणार? लतीफभाईंच्या पिकअपमधून आम्ही जुबैलच्याही वर एका ओसाड किनाऱ्यावर गेलो. लतीफभाई दापोलीचे, मासळीचे व्यापारी. डिसेंबरचा महिना. वाळवंटात थंडी नसते असं ज्याने सांगितलं, त्याला त्या पाण्यात बुडवून काढायला हवं. रबरी पोशाखातही दातावर दात आपटत होते. मला वाटलं होतं, खाली रंगीबेरंगी माशांचे थवे असतील, प्रवाळांच्या बागा असतील. खाली होतं काय, तर गढूळ हिरवट उजेड, शेवाळलेले खडक आणि गाळ. कर्णिक एका चटईएवढ्या जागेसमोर गुडघे टेकून बसले ते बसलेच. हालचाल नाही, काही नाही. सत्यनारायणाला बसलेला यजमानसुद्धा मधूनमधून इकडेतिकडे बघतो. मी चिडून दुसरीकडे निघालो तर त्यांनी माझा पाय धरला आणि एका दगडाकडे बोट दाखवलं. मी बघितलं. दगड. आणखी बघितलं. दगडच. आणि मग त्या दगडाने डोळा फिरवला.

पाण्यात किंचाळता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर कर्णिक म्हणाले, "बघायला जायचं नसतं रे खाली, बसायला जायचं असतं. हलतो तो कुणालाही दिसतो. आपण दगडावर संशय घ्यायचा. फार घाई असेल तर मत्स्यालयात जावं, तिथे पाट्या लावलेल्या असतात."

मग मीही शिकलो. पाठीवर स्पंजाचा तुकडा लावून हिंडणारा खेकडा, गवताच्या काडीसारखा उभा राहणारा मासा, वाळूच्याच रंगाचा एक चपटा महाभाग. सगळेच सोंगाडे. कर्णिक जातीने सीकेपी, ताटात सुरमई नसेल तर जेवण झालं असं मानत नसत. मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "ज्याला शोधायला मला तास लागतो, त्याला मी खात नाही. जो आपल्या पायाने बाजारात येतो त्याला खातो. तत्त्व आहे माझं." सुरमई बाजारात आपल्या पायाने कशी येते, हे मी विचारलं नाही.

आमच्या मराठी मंडळाबद्दलही त्यांचं असंच मत होतं. मंडळ कागदोपत्री कुठेच नव्हतं. गणपती बसायचा तो पडदे ओढून, 'पटवर्धनांच्या मुलीचा वाढदिवस' या नावाखाली. मुलीचा खरा वाढदिवस मार्चमध्ये. आरती हळू आवाजात, टाळ्या त्याहून हळू. कर्णिक प्रसादाचा मोदक खात माझ्या कानात म्हणत, "आपण सगळे तो गवतातला मासा आहोत रे. राहायच्या परवान्याचा इकामा खिशात, आवाज खाली, आणि रंग कफील-मालकाला आवडेल तो."

एक्क्याण्णवच्या जानेवारीत कुवेतवरून इराकशी युद्ध सुरू झालं. कंपनीने गोऱ्या साहेबांना विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे दिले आणि आम्हाला, टॉवेल ओला करून नाकाशी धरावा, अशी सूचना दिली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. भोंगा झाला की दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून, एका खोलीत बसून राहायचं. अशात कुणाला तरी आठवलं, कर्णिकांकडे हवेचे सिलिंडर आहेत!

अहाहा, काय ते प्रेम उतू गेलं! पालीच्या प्रकरणानंतर ज्या घरांनी त्यांचं नाव टाकलं होतं, त्या घरांतून चकल्या आल्या, बेसनाचे लाडू आले. संध्याकाळ झाली की चार-पाच कुटुंबं "सहज आलो होतो" म्हणत त्यांच्या बेडरूममध्ये मुक्कामाला. मंडळाचे अध्यक्ष पटवर्धन बँकेतले. त्यांनी तर सभाच घेतली आणि सिलिंडर ही मंडळाची मालमत्ता समजावी असं सुचवलं. कुणी किती श्वास घ्यायचे, याचाही त्यांचा विचार झालेला होता. अध्यक्षांचे श्वास अर्थातच पदाला शोभतील असे होते.

"अहो पटवर्धन," कर्णिक म्हणाले, "एक सिलिंडर एका माणसाला तासभर पुरतो. आहेत दोन. भरून देणारा दुकान बंद करून पळालाय. आणि ते दोन्ही मला शुक्रवारी हवेत."

"युद्ध चालू असताना पोहायला जाणार तुम्ही?"

मला कारण माहीत होतं. लतीफभाईंनी बातमी आणली होती की कुवेतकडे समुद्रात सोडलेलं तेल किनाऱ्या-किनाऱ्याने खाली सरकतंय, दोन-तीन दिवसांत आपल्या त्या खडकांवर येईल. आणि युद्धाआधीच्या आमच्या शेवटच्या बुडीत कर्णिकांना तिथे समुद्रघोड्यांची जोडी सापडली होती. सहा वर्षं शोधत होते ते! बोटाएवढा प्राणी, शेवाळाचाच रंग, काडीला शेपटीचा वेढा घालून बसलेला. त्यातल्या नराचं पोट टम्म फुगलेलं होतं. त्यांच्यात पिल्लं पोटात वागवण्याचं काम नराकडे असतं, हे कर्णिकांनी घरी सांगितलं तेव्हा मालतीवहिनी म्हणाल्या, "म्हणूनच तो एका जागी बसतो. नाहीतर दर शुक्रवारी गेला असता भटकायला."

"इतर माशांना धोका कळला तर ते पळतील," कर्णिक मला म्हणाले. "हे पळणार नाहीत. घाबरले की आणखी घट्ट बसतात." त्यांनी झाकणाची बादली घेऊन ठेवली होती. त्यात ती जोडी घालून खाली दक्षिणेला, खोबर शहराच्या बाजूला स्वच्छ पाण्यात सोडायची, एवढाच बेत. समुद्रावर जायला बंदी होती, पण तिथल्या एका पहारेकऱ्याला लतीफभाईंनी पटवलं होतं. मी येतो म्हणालो.

गुरुवारी दिवेलागणीला भोंगा झाला. बेडरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दार बंद, फटी बंद, लहान मुलं रडतायत, कुणी रामरक्षा म्हणतंय, कुणी बायकोवर खेकसतंय. पटवर्धनांनी तर सिलिंडरची नळी "चालते का बघतो" म्हणून तोंडात धरली ती सोडेचनात. दोघे तिघे त्यांच्याशी झोंबत होते. दूर कुठेतरी धडाका झाला आणि झोंबाझोंबी वाढली. बराच वेळ गेला, पण सुटकेचा भोंगा काही होईना. खोलीतली हवा इतकी कोंदट झाली की डोकं गरगरायला लागलं.

कर्णिक मात्र कोपऱ्यात बघत होते. मला तिथे पलंगावरच्या गाद्या-रजयांचा ढीग दिसला. आणि मग दिसलं, ढिगाला टेकून माई बसल्या होत्या. पटवर्धनांच्या आई. मुलाकडे राहायला म्हणून आल्या आणि युद्धात अडकल्या. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, काही मागत नव्हत्या. बसल्या जागी त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. सख्खा मुलगा हातभर अंतरावर होता, त्याची पाठ होती त्यांच्याकडे.

कर्णिक माणसं तुडवत तिकडे गेले. पटवर्धनांच्या तोंडातली नळी त्यांनी हिसकून काढली आणि माईंच्या तोंडाशी धरली, पण कवळी काढलेल्या तोंडात ती टिकेना. तेव्हा त्यांनी सिलिंडरवरून नळी काढून टाकली, सिलिंडर माईंच्या तोंडाजवळ ओढला आणि तोटी उघडली. फुस्सऽऽ! "गॅस! गॅस!" एकच कल्लोळ. मंडळाचे अध्यक्ष पलंगाखाली. पहिला संपत आला तसा त्यांनी दुसरा उघडला. मी त्यांच्याकडे बघितलं. "काय बघतोस? तोटी धर नीट," एवढंच म्हणाले ते.

माईंनी डोळे उघडले. "कुठून रे आला हा वारा? बरं वाटलं बाई."

शुक्रवारी आम्ही तरीही गेलो. सिलिंडर नव्हते म्हणून कर्णिक नुसते श्वास रोखून उतरले. पन्नाशीचा माणूस. दोन पुरुष खोल पाणी, हाडं गोठवणारं. खाली जायचे, धापा टाकत वर यायचे. पुन्हा खाली. बादली धरून मी उथळ पाण्यात उभा. शोधायचं म्हणजे तिथे बसावं लागतं, आणि एका श्वासात बसणार किती? लांबवर पाण्याचा रंग बदललेला दिसत होता आणि वाऱ्याबरोबर पेट्रोलपंपासारखा वास येत होता. पहारेकरी "खलास! यल्ला!" ओरडत निघायची घाई करू लागला. शेवटी मी आणि लतीफभाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. लतीफभाई म्हणाले, "कर्णिकसाहेब, बस झाला आता. तुमीच राहाल तळाला." ते कुडकुडत म्हणाले, "तिथेच आहेत रे ती. मला दिसत नाहीत एवढंच." गाडीत ते रडले. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

युद्ध संपलं. मंडळाने पडदे ओढून, वाढदिवसाच्या केकसकट, कर्णिकांचा सत्कार केला. पटवर्धनांनी भाषण ठोकलं. संकटकाळी 'आपण सर्वांनी' कसं धैर्य दाखवलं, हवेचं नियोजन कसं केलं, वगैरे. पलंग त्यात आला नाही. मग शाल आणि श्रीफळ, आणि "कर्णिकांनी दोन शब्द बोलावेत."

कर्णिक उठले. शाल खांद्यावरून घसरत होती. "माईंसाठी हवा सोडली, त्यात सत्कार कसला," ते म्हणाले. "पुन्हा तीच वेळ आली तरी तेच करीन. पण त्या हवेवर आणखी एकाचा हक्क होता. खाली एक नवरा बसला होता, पोटात पिल्लं घेऊन. बायको शेजारीच होती. तेल आलं. एवढंच सांगायचं होतं."

'पोटात पिल्लं घेऊन नवरा' ऐकताच सभा खो खो हसली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पटवर्धन सगळ्यांत मोठ्याने हसले. कर्णिक खाली बसायला लागले.

"हसताय काय मेल्यांनो!" पुढच्या खुर्चीतून माई कडाडल्या. हशा जागच्या जागी थांबला. "त्याच्या घासातलं मी घेतलं, आणि तो पोटातल्यासकट गेला म्हणतायत ते. कळतंय का काही?" मग त्या कर्णिकांकडे वळल्या. आवाज एकदम उतरला होता.

"किती होती रे पिल्लं?"

"दिसली नाहीत, माई," कर्णिक म्हणाले. "अजून जन्मायची होती."