आवतन, बोलावणे आणि आईचे खाते

नांदेडच्या एका बँकेत माझे काम संशय घेण्याचे आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या जोखीम विभागात लागले. कोणता व्यवहार खातेदाराने केला असावा आणि कोणता त्याच्या नावावर दुसऱ्याच कोणी केला असावा, हे आकड्यांच्या चालीवरून ओळखायचे, आणि चोराची पुढची उडी कुठे पडेल याचा अंदाज बांधायचा. हा विभाग लवकरच आपण चालवावा, अशी माझी इच्छा आहे आणि ती मी कोणापासून लपवलेली नाही. जोखीम या विषयातले आपल्याला बरेच कळते, असा माझा समज होता. एका दुपारी चाकूरहून आईचा फोन आला, तो काकांच्या बटणांच्या फोनवरून.

"बाई, माझा फोन आपल्या मनानं काहीतरी करून राहिलाय. मेसेज येतोय आन् दिसंना होतोय."

"आई, आधी ते विमानाचं चित्र दाब."

"मला कुटं विमानात बसायचंय?"

"त्यानं फोनचा बाहेरचा संबंध तुटतो. दाब."

तिने दाबले. मग हळूहळू हकीकत बाहेर आली. आई घरी येसर करते. भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे हे पीठ आमच्याकडे लग्नाच्या आमटीला लागतेच, त्यामुळे आईचे गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने लग्नघरे. त्या सकाळी देवणीच्या एका ओळखीच्या बाईंच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेची फाइल आली. आई भट्टीपाशी होती. फोन ओसरीत काकांच्या हाताशी होता. काकांनी फाइल उघडली. फोनने विचारले की हे ॲप बसवू का, आणि काकांनी होकार दिला. त्याने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, तीही त्यांनी देऊन टाकली.

"पत्रिका आलेली, उघडू नाही तर काय करू?" मागून काकांचा आवाज आला. "लोक म्हनतील, लई शहाणे झाले हे, पत्रिकाबी बघत न्हाईत."

ती पत्रिका नव्हतीच. फोनमध्ये शिरून बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवणारे ते ॲप होते. देवणीच्या बाईंचा फोन आधीच त्याच्या तावडीत सापडला होता आणि त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला त्यांच्या नावाने आमंत्रण जात होते. मी आईला तडक तिच्या बँकेत पाठवले. शाखा बसस्थानकासमोरच आहे. खात्यावरचे फोनचे सगळे व्यवहार तिथे थांबवण्यात आले. खाते उघडून देताना दिवसाच्या व्यवहाराची मर्यादा मी मुद्दाम खाली ठेवली होती. चोराने एकदम मोठी रक्कम ओढायला घेतली आणि ती त्या मर्यादेला अडली. दुसरा प्रयत्न करायच्या आत दार बंद झाले होते. गेले काहीच नाही. संध्याकाळी मी कार्यालयात पेढे वाटले. सहकाऱ्यांना वाटले, माझे लग्न ठरले.

खरा प्रश्न नंतर उभा राहिला.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून घराचा सगळा व्यवहार मोठ्या काकांच्या हाती होता. काकांनी आईला कधी नाही म्हटले नाही. मात्र प्रत्येक वेळी मागावे लागे. साडी असो, माझी फी असो, माहेरचा आहेर असो, ओसरीच्या खांबापाशी उभे राहून आधी दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलायच्या आणि मग मूळ मुद्द्यावर यायचे. येसरचा धंदा वाढला, लातूर-नांदेडहून मागण्या येऊ लागल्या, तेव्हा मी आईला स्वतःचे खाते काढून दिले आणि फोनवर पैसे घ्यायला शिकवले. त्यानंतर ती खांबापाशी उभी राहिलेली मी पाहिली नाही. आता ते खातेच पणाला लागले होते.

त्या शनिवारी मी लोहा, अहमदपूर करीत चाकूरला उतरले. काकांचा निर्णय माझ्याआधीच घरी पोहोचला होता.

"फोनची बँक बंद," ते म्हणाले. "बाईनं नगदी घ्यावं, माझ्यापाशी ठेवावं. लागंल तवा मागावं. मी काय न्हाई म्हनलोय का कवा?"

आई आत येसर चाळत होती. तिची चाळणी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

मी सरसावले. जोखीम शून्य करता येत नाही, तिचे व्यवस्थापन करता येते. रोख रकमेलाही जोखीम असते. नांदेडचे गिऱ्हाईक नगदी द्यायला चाकूरला येणार नाही, म्हणजे धंदा बसण्याची जोखीम वेगळीच. नुकसानीची शक्यता आणि नुकसानीचा आकार यांचा गुणाकार कसा करायचा, हेही मी सांगितले. कार्यालयात हे मांडले की लोक मान डोलावतात. काकांनी तंबाखू मळली.

"तुझा गुणाकार बरोबर असंल, माय. मला एवढंच सांग, नंबर वळखीचा, बाई वळखीची, लगनबी तिच्या घरात खरंच हाय. मग वळखावं कसं?"

"दुसऱ्या स्वतंत्र मार्गानं खातरजमा करायची."

"हे आन् काय असतंय?"

मी समजावू लागले. स्वतंत्र मार्ग, प्रमाणीकरण, दुहेरी पडताळणी. प्रत्येक शब्दागणिक काकांचा चेहरा अधिक प्रेमळ आणि अधिक निर्विकार होत गेला. शेवटी ते म्हणाले, "हुशार हाय पोरगी," आणि उठून गेले. ज्या कामाचा मी पगार घेते ते मला माझ्याच ओसरीत समजावून सांगता आले नव्हते.

रविवारी गल्लीत एका घरी वास्तुशांत होती. सकाळीच त्या घरची बाई कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि दाराला बोट लावून सांगून गेली, "सगळ्यांनी जेवायला यायचं बरं का." आमच्याकडे याला आवतन म्हणतात. दुपार होता होता आमटीचा वास आमच्या ओसरीत येऊन बसला. येसर आईचाच होता. काका आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून, टोपी घालून तयार होते आणि उपाशी होते. दर थोड्या वेळाने उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येत होते.

"काका, भूक लागली असेल तर चला ना."

"बोलावणं कुटं आलंय?"

"सकाळी आवतन दिलं की त्यांनी."

"आवतन तर सगळ्या गल्लीला असतंय," काका अडाणी माणसाला समजवावे तसे म्हणाले. "पान मांडल्यावर घरचं माणूस बोलवायला येतंय, तवा उठायचं. नुसत्या आवतनावर गेलं की माणूस मांडवात उभं ऱ्हातंय, पान न्हाई, पाट न्हाई. सगळे बघून राहिलेत, हे का आलंय म्हून. असं तोंड घेऊन परत यायचं का?"

तेवढ्यात दारात त्या घरची सून आली. "काका, चला, पंगत बसतीय."

काकांची नजर आता अधू आहे. ते जागचे हलले नाहीत. "कोण? जरा पुढं ये बाई, तोंड बघू दे."

"मी हो, थोरली सून."

"हां. चला."

मी ओसरीतच अडकले. कालपासून मी जे शब्द शोधत होते ते धोतर सावरत माझ्यासमोरून निघाले होते. पहिला निरोप आला, त्यावर हलायचे नाही. दुसरा निरोप वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेळी आला पाहिजे. आणणारे माणूस त्या घरचेच आहे की नाही, हे तोंड बघून ठरवायचे. आमच्या विभागाच्या भिंतीवर हेच एका मोठ्या तक्त्यात लावलेले आहे, फक्त त्यात आमटी नाही.

"काका!" मी मागे धावले. "ती पत्रिका म्हणजे आवतन होतं!"

"कोणती पत्रिका?"

"फोनवरची. फोनवर जे येतं ते सगळं आवतनच असतं. बोलावणं आल्याशिवाय उठायचंच नाही. फाइल आली, तर त्या बाईंना आपण फोन लावायचा, बोलायचं, त्या हो म्हणाल्या तरच उघडायची."

काका गल्लीच्या मध्यावर थांबले. आई मागून येत होती. चाळणी हातात नसताना ती वेगळीच माणूस असते. पदर खोचत ती म्हणाली, "म्हंजी भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बोलावण्याबिगर जेवायला गेलाव."

सून फिस्सकन हसली. काकांनी आधी तिच्याकडे, मग आईकडे पाहिले.

"आन् ते बी माझ्या पायानं, माझ्या फोनावरनं," आईने पुढे जोडले.

"बरं बरं," काका म्हणाले; पण मिशीखाली त्यांना हसू आवरेना. "आधी जेवू द्या."

पंगतीत आम्ही शेवटच्या ओळीत बसलो. बुंदी आमच्यापर्यंत येता येता संपली. काकांनी वाढप्याला ऐकवले, "बोलावून आणून उपाशी उठवताव व्हय?" आणि त्या जागी दोनदा आमटी घेतली.

परतल्यावर विडा चघळत ते खाटेवर टेकले. आई आत गेली नाही. ओसरीत उभी राहिली, खांबाला न टेकता.

"भाऊजी, खातं माझ्यापाशीच ऱ्हाईल," ती म्हणाली. मागितल्यासारखे नव्हते ते, कळवल्यासारखे होते. "पोरगी सांगंल तसं सांभाळीन. पण ऱ्हाईल माझ्यापाशी."

काकांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. मला वाटले, आता गुणाकार पुन्हा लागणार.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पण बोलावणं मी करणार. माझ्या फोनात कुणी शिरत न्हाई."

हे शंभर टक्के खरे होते. काकांच्या फोनवर बोलण्यापलीकडे काहीच होत नाही, आणि पडताळणीसाठी यापेक्षा भक्कम साधन मला सुचले नसते.

"करा की," आई म्हणाली. "पिन मात्र सांगणार न्हाई."

"मला कशाला पायजे तुझा पिन?"

"त्या पत्रिकेला तरी कशाला पायजे होते माझे मेसेज?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि घडी नीट बसवली. आईचा फोन पूर्ण पुसून नव्याने चालू केला. तिची दोन खाती केली: एक धंद्याचे, फोनला जोडलेले, त्यात रोजच्या वापरापुरतेच पैसे, दुसरे साठवणीचे, ज्याचा फोनशी काही संबंध नाही आणि ज्यासाठी पायांनी शाखेत जावे लागते. "म्हंजी सैपाकघरातला डबा आन् आतली कणगी," आई म्हणाली. मी पुढच्या महिन्यात कार्यालयातल्या सादरीकरणात हीच उपमा वापरली. ती फार गाजली.

काकांनी आपले खाते मनापासून सांभाळले, म्हणजे बोलावण्याचे खाते. जळकोटहून येसरची मागणी आली, की ते बटणांचा फोन कानाला लावून अंगणात जातात. "तुमीच का पाठवलाव निरोप? हाव? बरं. पोरगी कोणती, धाकटी का? जावई काय करतोय? बरं बरं. मग येसर जरा जास्तच घ्या, वऱ्हाड लई दिसतंय." पडताळणीला लागणारा वेळ आमच्या विभागाच्या कोणत्याही निकषात बसत नाही. विक्री मात्र वाढली आहे.

या व्यवस्थेची खरी चाचणी माझ्यावरच झाली. नांदेडला स्टेशनजवळच्या एका खानावळीत मी एकटी जेवायला गेले होते. जेवण झाले, फोन काढला, तर तो केव्हाच मान टाकून बसला होता. माझ्याजवळ रोख काही नव्हते. डिजिटल व्यवहारांच्या जाणकारांनी रोख बाळगणे मला कमीपणाचे वाटत असे. चार्जर मिळेना. मालकाच्या फोनवरून आईला फोन लावला.

"आई, मी बोलतेय. या नंबरवर जेवणाचे पैसे पाठव."



"आवाज तर माझ्या लेकीचाच हाय," आई म्हणाली. "पण आवाजबी नकली काढतेत म्हन. तूच सांगितलंस."

"आई, मीच आहे गं!"

"असशील. आवतन पोचलं. बोलावणं होऊ दे." आणि तिने फोन ठेवला.

मालक माझ्याकडे बघू लागला. मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघू लागले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"खानावळीचे मालक का? पोरगी समोर हाय? द्या तिला." काका होते. त्यांचा स्वर मी आयुष्यात ऐकला नव्हता इतका सरकारी होता. "वास्तुशांतीला गोड काय जेवलीस?"

"काहीच नाही. बुंदी संपली होती. तुम्ही दोनदा आमटी घेतलीत."

"एकदाच घेतली."

"दोनदा, काका."

मागून आईचे हसणे ऐकू आले आणि पाठोपाठ मालकाच्या फोनवर पैसे आल्याची घोषणा झाली. त्याने पेला पुढे सरकवून मी न मागताच ताक ओतले.

"ताई, आई बँकेत असतात का तुमच्या?"

"नाही," मी म्हणाले. "बँकेत मी असते."

त्याने माझ्या बंद पडलेल्या फोनकडे पाहिले. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.