टाकीला लावलेला दाढीचा फेस

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्या घरी पहिली गॅसची टाकी आली. लोक पाण्याचे हंडे कुलपात ठेवत होते, म्हणून मीही चोरीच्या धाकानं टाकी पलंगाखाली आडवी सरकवली.

सकाळी बायको करवादली, "पाहुणी हाय व्हय ती, झोपवायला? उभी करा आधी, अन् खिडकी उघडा!"

दाढी करता करता उठून मी शेगडी जोडली, पण गळती तपासायला साबणाचं पाणी हवं होतं.

"पाणी न्हाई. तुमच्या गालावर फेस हाय की!" बायको म्हणाली.

अर्धी दाढी सोडून मी ब्रशनं टाकीच्या तोंडाला फेस फासला. दोघं श्वास रोखून बघत बसलो. एकही बुडबुडा फुगला नाही. मग गॅसवरचा पहिला चहा झाला. तसल्याच अर्ध्या दाढीनं कचेरीत गेलो आणि दिवसभर त्या चहाचंच कौतुक सांगत सुटलो.